आंबेनळी, चाळीस किलोमीटर

लोहारा, ६ ऑक्टोबर २०२४

उमाक्का, शरणार्थ.

पाकिटावरचं अक्षर ओळखूनच तुझ्या कपाळावर आठी पडली असेल. पडू दे. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअॅपवर पाच वर्षं एकच टिक दिसते, म्हणून हे पोस्टाच्या पेटीत टाकतेय. फाडायचं तर वाचून फाड.

आप्पा गेले आणि त्यांना समाधी दिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू लोहाऱ्यात पोचलीस. अंगणात चिखलाच्या पायांनी उभी राहून मला म्हणालीस, "तो घाट एकदा तू चढून बघ, भुवना. मग मला सांग, थांबता येत होतं का न्हाय." आणि घोटभर पाणीही न घेता आल्या पावली परत गेलीस.

तर अक्का, मी तो घाट चढणार आहे. सायकलवर. येत्या फेब्रुवारीत.

हसू नकोस. तीन वर्षांपूर्वी मला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मला चालायचा किती कंटाळा आहे ते तुला ठाऊक आहे, म्हणून मी सायकल घेतली. आधी नुसती शाळेपर्यंत जायचे. मग माकणीच्या धरणापर्यंत जाऊन यायला लागले. आता रविवारी शंभर किलोमीटर झाले नाहीत तर माझी चिडचिड होते, आणि ती आमच्या ह्यांना सोसावी लागते. पहिल्या वर्षी वाटेत जो तो विचारायचा, "बाई, गाडी बिघडली का?" आता कोणी विचारत नाही. माझी नववीतली पोरं तर माझा वेग काढायची गणितं मलाच घालतात.

मी गणिताची बाई, त्यामुळं सगळं कागदावर मांडलंय. दाजींना कोकणात शिक्षकाची नोकरी लागली आणि तू पोलादपूरची झालीस. तुझ्या दारापासून आंबेनळी घाटानं महाबळेश्वर चाळीस किलोमीटर. चढ बाराशे मीटरच्या वर. मला लागणारा वेळ पावणेपाच तास. पाय टेकणं शून्य. स्वयंपाकघराच्या भिंतीवर आलेखाचा कागद लावलाय आणि पोळ्या लाटता लाटता मी तो चढ रोज एकदा डोळ्यांनी चढते.

त्या दिवशी घाट बंद होता आणि वडीलधारी मंडळी तुझ्यासाठी थांबायला तयार नव्हती, हे तुला तेव्हाच सांगितलं होतं. त्यावर आता काही लिहीत नाही.

तुझी,
भुवना

लोहारा, १७ नोव्हेंबर २०२४

उमाक्का,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे घेतलंस. एवढ्यावर माझं चालतंय.

चढाची तयारी करायची तर आपल्या भागात डोंगर शोधावा लागतो. म्हणून पहिला महिना मी वाऱ्यावर काढला. माकणीच्या रस्त्याला दुपारनंतर समोरून असा वारा येतो की सपाटीवर माणूस उभं राहून पायडल मारतं. शंभुलिंगनं मागची चक्री बदलून दिली. बाजारातलं सायकलचं दुकान त्याचं, तू ओळखतेस त्याला. मोठी चक्री लावली की चढाला पाय हलका पडतो. सोलापूरहून आणलेली ती चक्री हातात धरून तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला की एवढी मोठी लावल्यावर सायकल पुढं जाणार का जागेवर फिरणार. मी म्हटलं, तू लाव, कुठं जायचं ते मी बघते.

आता दर रविवारी तुळजापूरचा घाट. हे खताच्या पिकअपमध्ये सायकल टाकून मला पायथ्याला सोडतात आणि वर चहा पीत बसतात. मी चढते, उतरते, पुन्हा चढते. गेल्या रविवारी सहा वेळा. तिसऱ्या फेरीपासून लोक हात जोडायला लागले. वर कवड्यांच्या माळा विकणारी एक बाई बसते. तिनं मला अडवून कुंकू लावलं आणि कशाचा नवस आहे म्हणून विचारलं. बहिणीचा, असं माझ्या तोंडून निघून गेलं. बहीण आजारी आहे का, तिनं विचारलं. मी म्हटलं, ठणठणीत आहे, नुसती बोलत नाही. त्या बाईनं मग मला पैसे न घेता लिंबू सरबत पाजलं आणि म्हणाली, "मग दहा येळा चढ." सहाव्या वेळी माझी मांडी थरथरत होती, पण वेळ पहिल्या फेरीपेक्षा फक्त दोन मिनिटांनी जास्त. आलेखावर लाल पेननं टिंब दिलंय. मी जोरात आहे, अक्का.

शांतम्मा काकू मला वाटेत खायला शेंगापोळ्या करून देते. त्या आणायला गेले की महालिंगप्पा काका ओट्यावर बसलेले असतात. आप्पांच्या पाठचा हा एकच भाऊ. "भावाला मातीत घालायची एवढी घाई होती का," असं तू त्यांना सगळ्यांदेखत विचारलं होतंस. ते तेव्हा काही बोलले नाहीत आणि त्यानंतर कधी त्याचा विषयही काढला नाही. परवा सायकलच्या चाकाकडं बघत त्यांनी एवढंच विचारलं की उमाकडं चाललीस व्हय. मी मान हलवली आणि पोळ्या घेऊन लवकर निघाले.

भुवना

लोहारा, २२ डिसेंबर २०२४

उमाक्का,

आज फजिती झाली. तुलाच लिहितेय, शाळेत कोणाला सांगणार नाही.

लांब पल्ल्यानंतर चढ कसा झेपतो ते बघायचं होतं. म्हणून पहाटे पाचला घरून निघाले आणि थेट येडशी गाठायची ठरवली, शेवटी रामलिंगच्या जंगलातला घाट. ऐंशी-नव्वद किलोमीटर होतात. आता आपल्या घरची सवय तुला माहीत आहे. अंघोळ करून गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात घास जात नाही. आजीनं लावली, आप्पांनी मोडू दिली नाही. पहाटे पूजेला वेळ होणार नाही, म्हटलं रामलिंगला पोचून हात-पाय धुवून तिथंच करू. खिशात चार शेंगापोळ्या होत्या. पाच तास त्या खिशातच राहिल्या. मी नुसतं पाणी पीत होते.

धाराशिवच्या पुढं अंगातली वीज गेली. दम लागला नव्हता, पाय दुखत नव्हते, नुसतं सगळं लांब लांब दिसायला लागलं. येडशीच्या घाटात दुसऱ्या वळणाला सायकल कशी थांबली मला कळलंच नाही. रस्त्याकडंच्या दगडावर बसले. एक वानर आलं आणि माझ्याकडं बघत बघत खिशातल्या चारही पोळ्या शांतपणे घेऊन गेलं. त्याला हाकलायला माझा हात उचलेना.

मला परत न्यायला हे पिकअप घेऊन आले तेव्हा मी तशीच बसलेली. त्यांनी गुळाचा खडा पुढं केला. मी मान फिरवली. तेव्हा हा शांत माणूस पहिल्यांदा चिडला. म्हणाले, "देव गळ्यातच हाय की तुझ्या. त्येला दिसतंय सगळं. खा." खाल्ला. दहा मिनिटांत झाडं जागेवर आली. आता ठरलंय की साडेचारला उठायचं, आधी पूजा, मग पोटभर न्याहारी, मगच सायकल.

पण अक्का, त्या दगडावर बसले असताना मला एकच विचारावंसं वाटलं. तू त्या दिवशी घाटात चालत होतीस, तेव्हा तुझ्या पोटात काय होतं?

भुवना

लोहारा, ५ जानेवारी २०२५

अक्का,

गेल्या पत्रात विचारलं त्याचं उत्तर मला येतं. पोटात काही नव्हतं. आप्पांचं तोंड बघितल्याशिवाय तू खाणार नव्हतीस. मी पाच तास उपाशी राहिले तर मला वानर हाकलता आलं नाही. तू पावसात दरड ओलांडून चौदा किलोमीटर चढ चाललीस, मग मिळेल त्या वाहनानं रात्रभर प्रवास केलास.

पंधरा दिवस मी सायकलला हात लावलेला नाही. आधी हे लिहायचं होतं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की वडीलधारी मंडळी थांबायला तयार नव्हती. ते खोटं आहे. त्या दिवशी अंगणातही मी खोटंच बोलले होते.

तुझा फोन चार वाजून दहा मिनिटांनी आला. मागं पाण्याचा आवाज येत होता. तू म्हणालीस, "गाडी दरडीपाशी सोडली, भुवना. चालत निघालेय. उद्या सकाळी येते. तोवर आप्पांना ठेवा." मी बरं म्हणाले. फोन ठेवून बाहेर आले तर दारात महालिंगप्पा काका उभे होते. त्यांनी विचारलं, "उमा निघाली का? निघाली असली तर सकाळपर्यंत थांबू. मठाच्या स्वामींना विचारलंय मी, ते व्हय म्हणतात. बर्फ मागवतो." अक्का, ते थांबायला तयार होते. सगळेच तयार होते. मी म्हणाले, घाट बंद आहे, अक्का निघूच शकत नाही. मग कोणी थांबायचं कारणच उरलं नाही. दिवस मावळायच्या आत आप्पांना समाधीत बसवलं.

का, ते पण सांगते. चार वर्षं आप्पा अंथरुणाला होते. त्यांची अंघोळ, पेज, औषधं सगळं माझ्या हातून. शाळा सुटली की मी सासरी न जाता आधी त्यांच्याकडं जायचे. तू वर्षातून दोनदा आंब्याची पेटी घेऊन यायचीस आणि घरभर उमा आली, उमा आली व्हायचं. त्या सकाळी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "उमा आली का?" तेच त्यांचं शेवटचं बोलणं. माझं नाव त्यांच्या तोंडी आलं नाही. मला इतका राग आला, अक्का, की संध्याकाळपर्यंत तो उतरला नाही. विभूतीची शेवटची मूठ माझीच असायला हवी, तुझी नको, एवढंच डोक्यात होतं. ती मूठ मी टाकली आणि टाकताक्षणी कळलं की काय केलं.

तू काकांवर राग धरलास. तो माझ्या वाट्याचा होता आणि मी तो त्यांच्याकडं जाऊ दिला, पाच वर्षं. पुढच्या पत्राआधी मी त्यांना हे सांगणार आहे. सांगितलं नाही तर पत्र लिहिणार नाही.

भुवना

लोहारा, २६ जानेवारी २०२५

उमाक्का,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "वाड्याच्या अलीकडे उतार लागतो. घाट संपला असं वाटतं. फसू नको." एवढंच. ना खाली सही, ना वर मायना. मी ते आलेखाच्या शेजारी टाचणीनं लावलंय आणि वाडा गावाच्या अलीकडं उताराची खूण करून घेतलीय. माझ्या कागदावर ती नव्हती.

काकांना सांगितलं. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले होते, काकूही समोर होती. उभ्यानंच सांगितलं, बसले असते तर राहिलं असतं. काका धोतराच्या काठाला बोटं लावत राहिले. मला वाटलं होतं, ओरडतील. ते म्हणाले, "मला वाटायचं, मीच नीट विचारलं न्हाय तुला. पुन्हा एकदा विचारायला पायजे होतं, असं वाटायचं." मग उमाला कळवलंस का म्हणून विचारलं आणि उठून आत गेले. काकू रडली. पण शेंगापोळ्या तिनं परवा पुन्हा पाठवल्या, आणि या वेळी आठ होत्या.

तुझ्याकडून माफीचं काही ऐकायला मी येत नाही. एक शब्द तू तेव्हा टाकला होतास, तो मला पुरा करायचाय. रविवार, ९ फेब्रुवारी. आम्ही शनिवारी पोलादपुरात लॉजवर उतरू. सकाळी पावणेसातला तुझ्या दारातून सायकल निघेल. दार उघडायची गरज नाही. साडेअकराला मी वर असेन. पूजा आणि न्याहारी करूनच बसणार आहे, ती काळजी नको.

आणि एक सांगू का? सगळं लिहून झाल्यापासून पाय हलके पडतायत. काल तुळजापूरला दहा फेऱ्या केल्या, कवड्यांच्या माळांवाली उभी राहून मोजत होती. मी घाट चढणार, अक्का. त्यात मला काडीचीही शंका नाही.

भुवना

लोहारा, ११ फेब्रुवारी २०२५

उमाक्का,

परवा तुझ्याशेजारी बसून मी बिस्किटं खाल्ली, चहा प्याले, दाजींच्या गुडघ्याची चौकशी केली. बोलायचं ते बोलले नाही. म्हणून पुन्हा कागद घेतलाय.

सकाळी तुझ्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, दोघं अंधारातच बाहेर पडले, कुठं ते सांगितलं नाही. दार उघडू नकोस असं मीच लिहिलं होतं. पण न उघडलेलं दार वेगळं आणि कुलूप वेगळं. ह्यांनी विचारलं, निघायचं ना? मी घड्याळ लावलं आणि निघाले. पहिले दहा किलोमीटर मी तुझ्यावर रागावूनच चढले आणि खरं सांगते, राग चढाला चांगला कामी येतो.

दरडीची जागा कोणती ते कळलं नाही. एकीकडं नवी दगडी भिंत आणि डोंगराला जाळी बांधलेली दिसली, तिथं असावी असं धरून चालले. वर बघायचं ठरवलं होतं, पण वळणावर खाली बघितलं गेलं. केवढी ती दरी. पावसात, धुक्यात, त्या कडेनं तू चालली होतीस, हातात फोन धरून, आणि मी बरं म्हणाले होते.

वाड्याच्या अलीकडचा उतार आला. फसले नाही. घड्याळात मी ठरल्यापेक्षा सात मिनिटं पुढं होते. मनात म्हटलं, गणित गणित असतं.

आणि पुढच्या चढाला तिसऱ्या किलोमीटरला उजव्या मांडीत असा गोळा आला की मी सायकलसकट गवतात आडवी झाले. चूक माझ्या कागदातच होती. आपल्याकडचे घाट चढून संपले की लगेच उतार मिळतो. दहा फेऱ्या म्हणजे दहा वेळा चढ आणि दहा वेळा विश्रांती. मी चढांची बेरीज केली आणि विश्रांती मोजलीच नाही. हा घाट वाड्यानंतर विश्रांती देत नाही. माळावर राहणाऱ्या माणसालाच असली चूक सुचते.

ह्यांनी मांडी चोळून दिली, पिकअपचा मागचा फाळका उघडला आणि बाजूला उभे राहिले. मी तो लावून घ्यायला सांगितलं. मग सायकल ढकलत चालले. थोडं चढवायचं, पाय धरला की पुन्हा चालायचं. पाय टेकणं शून्य असं मी तुला लिहिलं होतं. किती टेकले ते मोजायचं सोडून दिलं. साडेअकरा वाजून गेले, बारा वाजले, दीड वाजला. वाटेतल्या एका गाडीतल्या मुलींनी मला संत्री दिली. दोन वाजता पाय सैल पडला आणि शेवटचे पाच किलोमीटर मी सलग, बसून, अगदी सावकाश चढवले. कोणासाठी चढतेय ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. खाली कुलूप होतं आणि वर कोणी नव्हतं, असंच मी धरून चालले होते.

सव्वातीनला वर आले. टपरीच्या बाकावर तू बसली होतीस.

दाजींनी मला नंतर सांगितलं. पहिल्या गाडीनं तुम्ही वर आलात, आठ वाजल्यापासून तू त्या बाकावर होतीस. साडेअकरा झाल्यावर दाजी म्हणाले, आमच्या ह्यांना फोन लावू का. तू लावू दिला नाहीस. बारा वाजता दाजी म्हणाले, तिनं सोडून दिलं असेल. एक वाजता टपरीवाल्यानं विचारलं, कोणाची वाट बघताय. तेव्हा तू म्हणालीस, धाकटी येतेय.

मी सायकल भिंतीला लावली आणि तुझ्यासमोर उभी राहिले. तोंडातून निघालं ते असलं, "उशीर झाला, अक्का. पावणेचार तास." तू सरकून बाकावर जागा केलीस आणि म्हणालीस, "थांबायला काय लागत न्हाय, भुवना. नुसतं बसून ऱ्हायचं असतंय."

मी बसले. तू पिशवीतून बिस्किटं काढलीस, चहा सांगितलास. मग माझा फोन मागून घेतलास आणि काकांना लावलास. मला वाटलं, तू उठून बाजूला जाशील. गेली नाहीस. माझ्याशेजारी बसूनच बोललीस, "काका, मी उमा. त्या दिवशी अंगणात तुम्हाला बोलले ते चुकलं माझं." पलीकडून काका काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. तू बराच वेळ नुसतं व्हय, व्हय म्हणत होतीस आणि पदरानं नाक पुसत होतीस. मी घाटाकडं बघत बसले. तुझी माफी तू मागून मोकळी झालीस आणि माझी अजून माझ्याच तोंडात होती.

अंगणात तू मला एक प्रश्न घातला होतास. घाट चढून बघ आणि मग सांग, असं म्हणालीस. चढून बघितला. जिथं तुला सलग चालता आलं तिथं मी गवतात पडले. म्हणून आता सांगते.

थांबता येत होतं, अक्का. मी थांबले नाही.

तुझी,
भुवना